कुणीच न मागितलेली जागा

एर्मेकनं लाकडी पट्टीचं टोक मॉडेलच्या मधोमध टेकवलं आणि म्हणाला, "आणि ही जागा. इथे कुणालाच काही नकोय."

शाळेच्या व्यायामशाळेत वसाहतीतली जवळजवळ सगळी कुटुंबं बसली होती. पट्टीचं टोक जिथे होतं ती जागा म्हणजे आमच्या तीन इमारतींच्या मधलं मोकळं मैदान. प्रभाग कार्यालयाचा कुबानिच उठला. त्यानं कोटाचं बटण लावलं, घसा साफ केला आणि जाहीर केलं की ज्या अर्थी नागरिकांनी या जागेसाठी काहीही सुचवलेलं नाही, त्या अर्थी ती आता मोकळी आहे. तिथे दुमजली पार्किंग होईल आणि खाली दुकानं. एका ठेकेदारानं तयारी दाखवली आहे, काम लगेच सुरू होऊ शकतं.

"म्हणजे पावसाळ्यात चिखल नाही, हिवाळ्यात बर्फ नाही," तो म्हणाला. "आणि दूध आणायला हमरस्ता ओलांडायला नको. टाळ्या तरी वाजवा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या तमारा वासिल्येव्नानं नाही वाजवल्या. तिनं रागानं माझा गुडघा घट्ट दाबला.

मॉडेल चांगलं होतं, हे मला नाकारायचं नाही. चार टेबलं जोडून त्यावर आमची अख्खी काचकारखान्याची वसाहत मांडली होती. कारखाना बंद पडला तेव्हापासून शहर आम्हाला विसरलं होतं. बस वळणावरून परत फिरायची, गटारं उघडी, रस्त्यावर दिवे नाहीत. मग वसंतात हा एर्मेक आला. परदेशात नगररचना शिकलेला, अंगानं काटकुळा, पुठ्ठ्याचे गठ्ठे घेऊन. म्हणाला, तुमची वसाहत मी दुरुस्त करणार नाही, तुम्हीच कराल. आधी ती आहे तशी बनवा, मग तिच्यात काय हवं ते ठेवा.

आणि लोकांनी खरंच बनवली. जी माणसं जिन्यात एकमेकांना ओळख दाखवत नव्हती ती डिंकाच्या डब्यावरून भांडू लागली. कुणी आपल्या बाल्कनीत वाळत घातलेली गोधडी दाखवली, कुणी फुटलेली काच. पाण्यासाठी निळे झेंडे, दिव्यांसाठी पिवळे, झाडांसाठी हिरव्या काड्या. तमारा वासिल्येव्नानं मिठाच्या कणकेच्या तीन म्हाताऱ्या केल्या आणि आपल्या दारातल्या बाकावर चिकटवल्या.

"ही मी," ती सांगायची, "ही चौथ्या मजल्यावरची उर्कुया, आणि ही दोन नंबरमधली चेटकीण."

"मी एवढी जाडी आहे का गं?" दोन नंबरमधली बाई ओरडली.

"कणीक कमी पडली म्हणून. नाहीतर बाक मोडला असता."

असं चाललं होतं. पुढे दिवे आले ते त्या पिवळ्या झेंड्यांमुळे, गटारं झाकली गेली ती त्या मॉडेलमुळे. म्हणूनच मला राग येतो. निव्वळ फसवणूक असती तर पाठ फिरवून मोकळं होता आलं असतं.

मधल्या मैदानाशी मात्र प्रत्येकाचा हात येऊन थांबत होता. मी पाहिलं होतं. झाडाची काडी घेतलेला हात मैदानावर यायचा, अडखळायचा आणि कडेला कुठेतरी काडी रोवायचा. मध्ये झाड नको, हे सगळ्यांना ठाऊक होतं. झोपाळा नको, बाक नको, मध्ये काहीच नको, कारण मध्ये यर्ट उभं राहतं. आमच्यात माणूस मेलं की त्याला घरात ठेवत नाहीत. अंगणात यर्ट, म्हणजे नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा गोल तंबू, उभारतात आणि मयत तिथे ठेवतात, मग ते चौथ्या मजल्यावरचं का असेना. बायका आत बसून विलाप करतात, पुरुष बाहेर काठ्यांवर रेलून रडतात. कढया लागतात, लांबून आलेल्या नातेवाइकांच्या बसगाड्या उभ्या राहतात, शेवटी नमाजाच्या रांगा लागतात. वसाहतीतलं प्रत्येक मयत त्याच मैदानातून निघालं आहे.

पण जिवंत माणसांच्या गप्पांत, रंगीत झेंड्यांमध्ये, "इथे मयताचं यर्ट" असं कोण म्हणणार? मयत नसताना यर्ट उभारणं म्हणजे मयताला बोलावणं. खेळण्यातलं असलं तरी. त्यामुळे ती जागा सगळ्यांना हवी होती आणि कुणीच मागितली नाही.

एकदा तमारा वासिल्येव्नाच्या तोंडून निघालं होतं. ती रशियन. तिच्या तळमजल्याच्या खिडकीतून प्रत्येक यर्टाला विजेची वायर जायची, तिच्या किटल्या प्रत्येक मयताला फिरायच्या. ती सहज म्हणाली, "अहो, पण मग तुमचा तो रडायचा तंबू कुठे..."

माझ्या नणंदेनं, बुरुलनं, तिला मांडीला असा चिमटा काढला की ती उडालीच. सगळ्या बायकांनी अपशकुन टळावा म्हणून आपापल्या कॉलरमध्ये तीनदा थुंकल्यासारखं केलं. कुबानिच तिथेच उभा होता. तो हसला. मग म्हणाला, "चला, एक नियम ठरवू या. जिथे काही ठेवलं नाही, तिथे गरज नाही असं धरायचं. नंतर कुरकुर नको. मान्य?"

मान्य, सगळे म्हणाले.

कुबानिच तीन नंबरच्या इमारतीत लहानाचा मोठा झाला. त्याच्या बापाचं यर्ट त्याच मैदानात होतं. कुणाचा हात कुठे अडखळणार हे त्याला आमच्याइतकंच माहीत होतं. नियम त्यानं त्यानंतर केला.

सभेहून मी घरी आले तेव्हा माझी सासू, उर्कुया, खिडकीशी पलंगावर बसलेली होती. तिला चौथ्या मजल्यावरून खाली उतरून बरेच महिने झाले होते. पाय सुजले होते. कशामुळे, ते डॉक्टरनं मला सांगितलं होतं, तिला नाही. तिला न सांगताच कळलं होतं. खिडकीतून मैदान दिसायचं, म्हणून पलंग तिथे.

"काय ठरलं?" तिनं विचारलं.

"दिवे लागणार आहेत, आपा. गटारं झाकणार."

"ते नाही विचारलं. खाली माणसं आली होती, सुतळी धरून मापं घेत होती. खड्डे खणलेत तिकडे. काय आहे ते?"

मी सांगितलं. गोड करून सांगायला मला जमत नाही.

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "कुबानिच? त्या सुयुमचा कुबानिच? लहानपणी नाक पुसायला माझ्या पदराला यायचा तो?"

"तोच."

"पार्किंग! मला काय मोटारीच्या डिकीत ठेवणार?"

"शहरात हॉल मिळतात, असं बुरुल म्हणत होती. तिथे सगळी सोय..."

"तिला घाल हॉलमध्ये!" ती इतक्या जोरात ओरडली की तिला धाप लागली. मी पाणी दिलं. तिनं पेला बाजूला सारला. "तुझा सासरा तिथून निघाला. बर्फ पडत होतं, तरी अख्खी वसाहत उभी होती. मी या खिडकीत रोज कशाला बसते? बर्फ बघायला? मी तिथून जाणार आहे, सबिरा. एवढी एकच गोष्ट उरलीये माझी. ती पण त्यानं विकली?"

मग नेहमीचं आलं, मयतापुढे म्हणायच्या विलापगाण्याचं, कोशोकचं. "आणि तिथून गेले तरी माझ्यासाठी कोशोक कोण म्हणणार? बुरुलला नुसतं भोकाड पसरता येतं. आणि तुला तर शब्दच फुटत नाही. आईबापांनी तुला विज्ञान शिकवलं, रडायला नाही शिकवलं. माझ्या विलापात काय सांगशील, पाण्यात क्लोरीन किती होतं ते?"

मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. या टोमण्याची मला सवय होती. त्या दिवशी तो लागला.

दुसऱ्या दिवशी मी एर्मेककडे गेले. कारखान्याच्या जुन्या खानावळीत त्यानं कार्यालय थाटलं होतं. तो चहा ओतायला उठला. मी नको म्हटलं.

"तू अहवालात काय लिहिलंस?"

"जे मॉडेलवर आहे ते, एजे." मोठ्या बहिणीला म्हणतात तसं तो मला एजे म्हणायचा.

"मधल्या मैदानाबद्दल?"

"की नागरिकांनी गरज नोंदवली नाही."

"तुझी आजी वारली तेव्हा यर्ट कुठे होतं?"

किटली हातातच राहिली.

"कुठे होतं, एर्मेक?"

"आमच्या इमारतीच्या अंगणात," तो हळूच म्हणाला. "दोन मोटारी हलवाव्या लागल्या होत्या."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"एजे, मला माहीत असून काय उपयोग? या पद्धतीचं तत्त्वच असं आहे की मी माझ्या मनातलं घुसडायचं नाही. लोकांनी स्वतः ठेवायचं."

"माझ्या प्रयोगशाळेत एखाद्या मुलीनं नमुना तपासलाच नाही आणि वहीत शून्य लिहिलं, तर मी तिला घरी पाठवते. शून्य म्हणजे तपासलं आणि सापडलं नाही. तपासलं नाही म्हणजे तपासलं नाही. त्या दोन गोष्टींमध्ये माणसं मरतात. तू न तपासता शून्य लिहिलंस."

तो लाल झाला. "मग तुम्ही का नाही ठेवलं? तुम्ही तर होता ना तिथे! शंभर लोक होते. एकानं सांगायचं होतं. मी कुठल्या तोंडानं कुबानिच साहेबांना सांगू की मॉडेलवर नाही पण लोकांच्या मनात आहे?"

"तू ठेव मग. आत्ता. कागदाचं एक गोल कर आणि ठेव."

तो हसल्यासारखं करून म्हणाला, "माझ्या घरी पाच महिन्यांचं बाळ आहे, एजे."

"बघ. आता तुला कळलं जागा का रिकामी राहिली."

तो खाली बसला. शेवटी म्हणाला, "अंतिम सभा अजून व्हायची आहे. तोपर्यंत कुणीही काहीही ठेवू शकतं. ठेवलं तर मी नोंदवणार. अगदी मोठ्या अक्षरांत नोंदवीन. पण ठेवायला हवं."

घरी येऊन मी हे सगळं सासूला सांगितलं. तिला चीड येईल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "तुझ्या सासऱ्याचे नमद्याचे बूट कुठे आहेत?"

ते माळ्यावर होते, गुडघ्यापर्यंतचे, राखाडी. तिनं एक मांडीवर घेतला, हुंगला, आणि कात्रीनं त्याची नळी कापायला लागली. नमदा जाड. कात्री सरकेना. मी मदतीला हात पुढे केला तर तिनं फटका मारला.

"तू नाही. तुझा मुलगा शिकतोय, नवरा रशियात बर्फातून ट्रक हाकतोय. तुझ्या हातानं नको. माझ्या हातानं."

"आपा, मयत नसताना..."

"आहे की! मी अर्धी मेलेलीच आहे, आणि हा बूट पूर्ण मेलेल्या माणसाचा. दोन्ही मिळून दीड मयत झालं. नियम कुठे मोडला?"

ती हसली. मला हसता आलं नाही. बुटाच्या नळीची गोल भिंत झाली. वर तिनं त्याच नमद्याचा घुमट शिवला, धूर जायला भोक ठेवलं, दाराला लाल लोकरीचा पडदा लावला. बोटं सुजलेली असतानाही टाके एकसारखे होते. चहाच्या वाटीएवढं यर्ट. ती ते पांघरुणाखाली लपवून ठेवायची आणि कुणी नसलं की बाहेर काढायची.

बुरुलला ते सापडलंच. चादर बदलताना. तिनं असा आवाज केला की जणू साप निघाला. मग माझ्याकडे वळली.

"वहिनी! हे काय? तू आणलंस हे? माझ्या आईच्या अंथरुणात?"

"मी नाही शिवलं."

"मग कुणी, सैतानानं? तोबा, तोबा! तुला घाई झालीये का? खोली हवीये का तुला? शिकलेली सून म्हणे! आईला जिवंतपणी..."

"ए!" सासू पलंगावरून गरजली. "ती नाही, मी. मीच शिवलं. तुला एवढं वाईट वाटतं ना, मग ज्या दिवशी कुबानिच नियम सांगत होता त्या दिवशी चिमटा त्याला काढायचा होतास. त्या बिचाऱ्या तमाराला काय काढलास? बस खाली आणि सुईत दोरा ओव. माझ्या डोळ्यांना दिसत नाही."

बुरुल बसली. रडत रडत दोरा ओवला. पण माझ्याशी ती त्या दिवसापासून बोलेनाशी झाली.

अंतिम सभा होती त्या सकाळी सासूनं यर्ट रुमालात बांधून माझ्या हातात दिलं. "तिथे सांग, हे उर्कुयानं ठेवलंय. तिचे पाय चालत नाहीत म्हणून माझे वापरलेत. एवढंच. जास्त बोलू नकोस, तुला जमत नाही."

व्यायामशाळा गच्च भरली होती. मॉडेलवर मैदानाच्या जागी आता पांढऱ्या पुठ्ठ्याची चकचकीत दुमजली इमारत उभी होती. तिच्यासमोर कुणीतरी खेळण्यातल्या मोटारी ओळीनं लावल्या होत्या. पहिल्या रांगेत कुबानिचची आई सुयुम आपा बसली होती, डोक्याला नवा पांढरा रुमाल बांधून. मुलाचं कौतुक ऐकायला आली होती.

कुबानिच म्हणाला, "कुणाला काही जोडायचं असेल तर आत्ता. नाहीतर सह्या करतो."

मी उठले. मॉडेलपर्यंत गेले. पांढरी इमारत उचलली. ती नुसती ठेवलेली होती, चिकटवली नव्हती. ती मी कुबानिचच्या कागदांवर ठेवली आणि रुमाल सोडला.

सासूनं सांगितलं होतं तेवढंच मी बोलले. "हे उर्कुया आपानं ठेवलंय. तिचे पाय चालत नाहीत म्हणून माझे वापरलेत."

मागून एक बाई किंचाळली. खुर्च्या सरकल्या. सगळीकडून थू-थू, तोबा-तोबा. कुणीतरी म्हणालं, "हिचं डोकं फिरलं!" कुणीतरी म्हणालं, "सून आहे ना, दुसरं काय!" दोन नंबरमधली चेटकीण नातवाचे डोळे झाकून त्याला बाहेर घेऊन गेली. माझे कान तापले होते. मी जागची हलले नाही.

कुबानिचचा चेहरा पांढरा पडला होता. पण तो सभा चालवायला शिकलेला माणूस.

"सबिरा एजे, हा काय तमाशा आहे? लोकांच्या भावना दुखावतायत. उचला ते."

"ते माझं नाही."

"मग ज्याचं असेल त्यानं उचलावं."

"ती चौथ्या मजल्यावर आहे. जा, तिला सांग."

"ठीक आहे," तो म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

"कुबान!" सुयुम आपा उभी राहिली होती. काठी तिच्या हातात उलटी होती, मूठ पुढे. "हात लावून तर बघ."

"आई, हे खेळणं आहे."

"उभं केलेलं यर्ट मयत निघायच्या आधी जो मोडतो, त्याच्या दारात ते उभं राहतं. तुझ्या दारात मी राहते, गाढवा!"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. कुबानिचचा हात हवेत राहिला. मग त्यानं तो खिशात घातला. दारात उभ्या असलेल्या शिपायाला म्हणाला, "तू ये." शिपाई म्हणाला, साहेब, माझी बायको गरोदर आहे. त्यानं एर्मेककडे पाहिलं. एर्मेक मोठ्या अक्षरांत लिहीत होता, वर बघायला त्याला वेळ नव्हता. शेवटी कुबानिच तमारा वासिल्येव्नाकडे वळला आणि गोड आवाजात म्हणाला, "तुमचा धर्म वेगळा आहे, तुम्हाला काही होणार नाही. तेवढं जरा..."

तमारा वासिल्येव्ना उभी राहिली. आपल्या मांडीवर, जिथे बुरुलनं चिमटा काढला होता तिथे, तिनं हात ठेवला. "मी विचारलं होतं ना, तंबू कुठे म्हणून? तेव्हा मला गप्प केलंत. आता मी गप्प आहे. आणि बाळा, माझी वायर तुमच्या प्रत्येक यर्टापर्यंत पोचते, पण ते मोडण्याइतकी मूर्ख मी नाही."

सह्या झाल्या नाहीत. लोक निघून गेले, एकमेकांशी न बोलता. माझ्या बाजूनं कुणी चाललं नाही. जिन्यात दोघी भिंतीला चिकटल्या, मला वाट द्यायला नाही, माझा स्पर्श होऊ नये म्हणून. मला त्यांचाही राग आला. त्यांच्याच आया, त्यांचेच बाप त्या मैदानातून गेलेले.

मॉडेल प्रभाग कार्यालयात नेऊन ठेवलं. चौघांनी टेबलं उचलली आणि यर्ट पडू नये म्हणून असे चालले की जणू त्यात खरंच कुणी निजलं होतं. तिथे त्यांनी त्यावर चादर टाकली. चादरीला मधोमध उंचवटा आला, आणि तो उंचवटा चादरीखालच्या यर्टापेक्षा वाईट दिसू लागला म्हणून चादर काढली. ठेकेदार आला, त्यानं मॉडेल पाहिलं, कॉलरमध्ये थुंकला आणि म्हणाला, मी दुसरीकडे बांधतो. दुसरा ठेकेदार शोधला. तोही आमच्यातलाच निघाला. कागदावर कुबानिचनं त्या जागेला "सण-समारंभाचं पटांगण" असं नाव दिलं. मयत हा शब्द लिहायची हिंमत त्याला तेव्हाही झाली नाही. हे मी सासूला सांगितलं तर ती म्हणाली, "लिहू दे. समारंभच आहे. मी मुख्य पाहुणी."

ती सप्टेंबर संपताना गेली. सकाळी, खिडकीकडे तोंड करून.

यर्ट उभं करायला सगळे आले. त्या दिवशी जिन्यात भिंतीला चिकटलेल्याही आल्या, हातात कणकेची परात घेऊन. तमारा वासिल्येव्नाच्या खिडकीतून वायर सुटली. कुंपणाच्या खांबांसाठी खणलेले खड्डे तसेच पडले होते. त्यातल्या एकात आमच्या मुलांनी दगड रचून कढईची चूल केली. जाळ चांगला लागला. मेलिस, माझा नवरा, विमानानं वेळेवर पोचला. कमरेला पट्टा बांधून, काठीवर रेलून तो यर्टाबाहेर उभा राहिला.

मी आत होते, बुरुलच्या शेजारी, यर्टाच्या लाकडी जाळीकडे तोंड करून, दाराकडे पाठ. आतल्या बायका अशाच बसतात. पडद्यामागे सासू होती. बुरुल रडत होती. आईनं म्हटलं होतं तसंच, नुसतं भोकाड. मध्येच तिनं माझा हात धरला. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. बोलली नाहीच.

दुपारी बाहेरून एक रडणं जवळ येऊ लागलं. भेटायला येणारा पुरुष लांबूनच रडत येतो, तशी रीतच आहे. "हाय रे माझी आपा! हाय रे आमची सावली!" आवाज भरदार, चढउतार अगदी जिथल्या तिथे. बाहेरचे पुरुष त्याच्या आवाजात आवाज मिसळून रडू लागले. मला वळून बघायची गरज नव्हती. सभेत मान्य का, असं विचारणारा तोच आवाज.

"माझ्या आईसारखी होतीस गं आपा! तुझ्या पदराला नाक पुसलं गं आपा!"

माझं रडणं थांबलं. मला नमद्याचा वास आला, आणि त्या नमद्यापलीकडून त्याच्या अत्तराचा. मी आयुष्यात कधी गायले नव्हते. शाळेतसुद्धा तोंड नुसतं हलवायचे. पण कोशोक म्हणणाऱ्या बाईला कुणी थांबवत नाही. मयताशी ती काहीही बोलू शकते आणि बाहेरच्या पुरुषांना ते खाली मान घालून ऐकावं लागतं. ही एक जागा अशी आहे जिच्यासाठी झेंडा लागत नाही.

मी तोंड उघडलं. आवाज फाटका निघाला.

"खिडकीत बसलेली माझी आपा,
डोळ्यांत धरून बसलीस मैदान.
रिकामं म्हणाले गं आपा,
तुझ्या माणसांनी भरलेलं मैदान."

बुरुलचा हात माझ्या हातात ताठ झाला. आजूबाजूच्या बायका रडायच्या थांबल्या.

"कोण रडतं दाराशी आपा,
त्याचा आवाज ओळखीचा.
त्यानंच सुतळीनं मोजला आपा,
तुझा रस्ता शेवटचा.

त्यानं खणले खड्डे आपा,
कुंपणाचे खांब रोवायला.
त्याच खड्ड्यात चूल पेटली आपा,
तुझे पाहुणे जेवायला."

पुढे यमक जुळलं नाही. मी यमकाशिवाय म्हणत राहिले. नियम कुणी केला आणि कुणी हसलं ते सांगितलं. हात कुठे अडखळला ते सांगितलं. नाव घेतलं, बापाच्या नावासकट, कुठल्या इमारतीतला तेही. त्याच्या बापाचं यर्ट त्याच मातीत उभं होतं ते सांगितलं. बाहेरचं भरदार रडणं आधी बारीक झालं, मग अडखळलं, मग बंद पडलं. आमचे बाकीचे पुरुषही गप्प झाले. फक्त चुलीतली लाकडं तडतडत होती.

माझा श्वास संपला. मला वाटलं, पुरे झालं.

मागून कुणीतरी माझ्या पाठीवर बोट टोचलं. वळता येत नव्हतं, पण नव्या रुमालाची कड डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसली. सुयुम आपा होती. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"थांबलीस का गं?" ती पुटपुटली. "अजून उभा आहे तो. सांग त्याला."

मी श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं.